उत्तर दुकानातच होतं!

गूगल इंटरनेट शोधत नाही! हे कळल्यापासून मी भेटेल त्याला हेच सांगत सुटलोय. आपण चार शब्द टाइप करतो, तेव्हा ते यंत्र जगभरच्या वेबसाइट धुंडाळायला निघत नाही. ते काम त्याच्या बॉटनी, म्हणजे आपोआप पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमांनी, आधीच करून ठेवलेलं असतं. एका पानावरची लिंक धरून दुसऱ्या पानावर जायचं, तिथून तिसऱ्यावर, वाटेत सगळं वाचायचं आणि कुठला शब्द कुठल्या पानांवर आहे याची सूची करायची, जाड ग्रंथाच्या शेवटी असते तशी. गूगलच्याच सांगण्यानुसार या सूचीत शेकडो अब्ज पानं आहेत! आपला प्रश्न जातो तो या सूचीकडे. म्हणजे धंद्याची वेबसाइट कितीही देखणी असो, ती या सूचीत नसेल तर शोधणाऱ्याच्या लेखी ती नाहीच.

हे सगळं मला कळलं ते मिरजेमुळे. तिथले माझे एक मित्र तंबोरे आणि सतारी बनवतात. मिरजेत हे काम एकोणिसाव्या शतकापासून चालत आलंय. हत्यारं घडवणाऱ्या, त्यांना धार लावणाऱ्या शिकलगारांचे हात तेव्हा वाद्यांकडे वळले आणि गावाची ओळखच बदलली. मंगळवेढा-पंढरपूर भागातला भोपळा इथे येतो आणि त्याचा तंबोरा होतो. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. आणि तरीही मित्रांच्या दुकानाचं नाव जसंच्या तसं टाकलं, तरी त्यांची वेबसाइट कुठेच दिसत नव्हती. "एवढी झकास साइट आहे, मग एकही फोन कसा येत नाही हो?" त्यांनी विचारलं, आणि मी एसईओच्या, म्हणजे शोधयंत्रात आपली साइट सापडावी आणि वर दिसावी यासाठी करायच्या कामाच्या, मागे लागलो.

पहिला शोध लागला तो गूगल सर्च कन्सोलमध्ये. हे साधन फुकट आहे! साइट आपली आहे हे सिद्ध करायचं, पानाचा पत्ता टाकायचा, की ते पान सूचीत आहे की नाही आणि नसेल तर का नाही, हे स्वतः गूगलच सांगतं. आम्ही पत्ता टाकला आणि कारण समोर आलं. साइट तयार होत असताना पानांच्या कोडमध्ये 'हे पान सूचीत घेऊ नका' अशी एक ओळ घातलेली होती आणि ती तशीच राहून गेली होती. बॉट येत होता, ती ओळ वाचत होता आणि सांगितल्याप्रमाणे निमूट परत जात होता. ओळ काढली, सर्व पानांची यादी असलेला साइटमॅप दिला आणि काही दिवसांत पानं सूचीत आली. एका ओळीचा केवढा हा फरक!

पण सूचीत येणं वेगळं आणि वर येणं वेगळं. इथेच मला कॅरन स्पार्क जोन्स भेटल्या, आणि मी अक्षरशः हरखून गेलो. केंब्रिजमध्ये इतिहास शिकलेल्या या बाईंनी 1972 साली एक निबंध लिहिला. त्यातला विचार असा, की शोधताना सगळ्या शब्दांना सारखं वजन देऊ नये. जो शब्द पुष्कळ कागदपत्रांत सापडतो तो फारसं काही सांगत नाही, आणि जो मोजक्याच ठिकाणी सापडतो तो नेमकी दिशा दाखवतो. तेव्हा वेब नव्हतं, गूगलचे संस्थापक जन्मायचे होते, आणि आजच्या शोधयंत्रांच्या पायाशी हा विचार आहे!

आता हा चष्मा लावून मित्रांचं मुखपृष्ठ वाचा. 'दर्जेदार', 'सर्वोत्तम', 'ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय'. हे शब्द तर सिमेंटवाल्याच्या साइटवरही असतात आणि केटररच्याही. आणि दुकानात दिवसभर काय बोललं जातं? जवारी, घोडी, खुंट्या, मणके, दांडी, भोपळा. तंबोऱ्यासाठी गूगलवर आलेला माणूस ज्या शब्दांनी शोधतो, ते हे शब्द! आणि त्यांतला एकही साइटवर नव्हता. किमती होत्या, पण फोटोत छापलेल्या. मजकूर म्हणून वाचायला काहीच नव्हतं. मुखपृष्ठाचं शीर्षक होतं फक्त 'होम'.

मग आम्ही दुकानात बसलो आणि गिऱ्हाईक फोनवर जे विचारतात ते उतरवून काढलं. तंबोऱ्याची जवारी केव्हा काढून घ्यावी? पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या तंबोऱ्यात फरक काय? भोपळ्याला तडा गेला तर तो सांधता येतो का? परदेशातल्या हिवाळ्यात, हीटर लावलेल्या कोरड्या घरात वाद्य कसं सांभाळायचं? पार्सल कसं बांधता? मित्र घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, कानस चालवता चालवता उत्तरं देत होते. जवारी काढताना घोडीचा माथा किती हलक्या हाताने घासायचा, तार त्याला कशी निसटती टेकली पाहिजे, दोरा कुठे सरकवला की आवाज खुलतो. असं वर्णन आयत्या मजकुरात मिळत नाही, ते त्या हातांनाच ठाऊक असतं. मी फक्त लिहून घेत होतो. एकेका प्रश्नाला एकेक पान दिलं. प्रत्येक पानाला त्याच प्रश्नाचं शीर्षक, आत ठळक उपशीर्षकं, आणि प्रत्येक फोटोमागे त्यात काय दिसतंय ते सांगणारी ओळ. ही ओळ शोधयंत्राच्या कामाची आहेच, शिवाय दृष्टिहीन माणसाचा स्क्रीन रीडर तीच वाचून दाखवतो. एकाच कष्टात दोघांची सोय, किती छान!

दुसरी भन्नाट गोष्ट म्हणजे लिंक. 1955 साली युजीन गारफिल्ड यांनी 'सायन्स' नियतकालिकात सुचवलं होतं, की कोणत्या शोधनिबंधाचा आधार पुढे कोणी घेतला याची सूची करावी. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये अशीच कल्पना वेबला लावली. एका पानाने दुसऱ्याला लिंक दिली म्हणजे त्याच्या बाजूने शब्द टाकला, आणि शब्द टाकणारा स्वतः जितका वजनदार तितकं त्या शब्दाला मोल. हाच पेजरँक, 1998 सालचा. आज गूगल इतर कितीतरी गोष्टी बघतं, पण लिंकचं महत्त्व टिकून आहे. मित्रांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे आमच्या धंद्यासारखंच की! बुवांनी सांगितलं की शिष्य येतात." त्यांचे तंबोरे वापरणाऱ्या एका संगीतवर्गाने आपल्या साइटवर आनंदाने त्यांची लिंक दिली. विकत घेतलेली नव्हे, मनापासून दिलेली!

आणि मिरजेत उतरून 'तंबोरा दुरुस्ती' असं फोनवर शोधणाऱ्याचं काय? त्याच्यासाठी गूगल बिझनेस प्रोफाइल आहे, म्हणजे गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणारी दुकानाची नोंद, तीही फुकट. स्थानिक निकालांचा क्रम मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतो असं गूगल सांगतं: तुम्ही विचारलेल्या गोष्टीशी किती जुळता, किती जवळ आहात आणि किती नावाजलेले आहात. हा क्रम पैसे देऊन वर नेता येत नाही. जाहिरातीची जागा विकत मिळते आणि तिच्यावर तसं लिहिलेलं असतं. बाकीचे निकाल विकाऊ नाहीत. छोट्या दुकानदारासाठी याहून मोठी आनंदाची बातमी कोणती?

म्हणूनच 'पहिल्या नंबरची गॅरंटी' विकणाऱ्यांपासून मी आता सगळ्यांना कळकळीने सावध करतो. असं कुणीच खात्रीने सांगू शकत नाही, आणि हे गूगलनेच स्पष्ट लिहून ठेवलंय. जुन्या युक्त्याही आता चालत नाहीत. गूगलने आपल्या शोधयंत्रात 2011 साली केलेल्या 'पांडा' नावाच्या बदलाने पोकळ मजकुराची पानं खाली ढकलली. 2012 च्या पेंग्विनने विकतच्या लिंका आणि शब्दांचा भडिमार करणाऱ्यांना गाठलं. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवण्याचे दिवस कधीच सरलेत. यंत्र जितकं सुधारतंय तितकं ते खऱ्या जाणकाराच्या बाजूने झुकावं, याच दिशेने हे सगळे बदल झालेत.

आणि मग सर्च कन्सोलमधल्या तक्त्यातले आकडे हलायला लागले! लोकांनी काय टाइप केलं, आपलं पान किती वेळा दिसलं, कितींनी त्यावर क्लिक केलं, सरासरी कितव्या जागी होतं, कुठल्या देशातून विचारणा झाली, सगळं त्यात दिसतं. कुणी देवनागरीत विचारत होतं, कुणी रोमन अक्षरांत मराठी लिहीत होतं, कुणी इंग्रजीत. जवारीच्या पानावर परदेशातून माणसं येत होती. मित्र चहा बाजूला ठेवून ती यादी मोठ्याने वाचत राहिले. "अहो, हे सगळे आम्हालाच विचारतायत!" ते म्हणाले, आणि लगेच तारांच्या जाडीवर नवं पान लिहायला बसले. आता ते दर आठवड्याला तो तक्ता उघडतात, लोक काय विचारतायत ते बघतात, आणि अपुरं वाटलेलं उत्तर नीट करतात. एसईओ म्हणतात ते बहुतांश हेच: कान देऊन ऐकायचं आणि पूर्ण उत्तर द्यायचं.

तुमचं पीठ असो, पंप असोत की पैठण्या, आज एक काम कराच. गिऱ्हाईक रोज तुम्हाला जे विचारतात ते प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहून काढा आणि प्रत्येकाला मनापासून, तपशिलाने उत्तर द्या. गूगल सांगतं, रोजच्या शोधांपैकी सुमारे 15 टक्के शोध त्याने याआधी कधी पाहिलेलेच नसतात. म्हणजे उद्या सकाळी कुणीतरी असा प्रश्न विचारणार आहे, जो अजून कुणी विचारलेला नाही, आणि त्याचं उत्तर तुम्हाला तोंडपाठ आहे. लिहा ना ते!