बिनपिठाचें दळण

आमचें वय पन्नाशीच्या पलीकडे गेलें असून विटीदांडू सोडल्यास कोणत्याहि खेळांत आमची कधीं गति नव्हती, हें आरंभींच सांगून टाकलेलें बरें. अशा माणसानें संगणकावरील खेळाच्या गुणदोषांची चर्चा करावी हें कित्येकांस हास्यास्पद वाटेल. परंतु गेल्या वर्षाचा सबंध पावसाळा आम्हीं अशाच एका खेळांत लांकडें तोडण्यांत घालविला आहे. तेव्हां अधिकार नसला तरी अनुभव आहे, आणि तोहि थोडाथोडका नव्हे.

झालें असें. आमचा भाचा शिक्षणासाठीं आमच्याकडे राहावयास आला. रात्रीं जेवणें झालीं कीं तो खोलींत शिरे, तो मध्यरात्रीपर्यंत बाहेर येत नसे. एके दिवशीं उपदेश करावा म्हणून आम्ही आंत गेलों. तो शांतपणें म्हणाला, "मामा, नांवें ठेवण्याआधीं एकदां खेळून तर पाहा." मागणी न्यायाची होती. पुस्तक न वाचतां अभिप्राय देणाऱ्यांस आम्ही नेहमींच हंसतों.

खेळाचें नांव 'रुनस्केप'. इंग्लंडांत तो २००१ सालीं प्रथम सुरू झाला. त्याचें २००७ सालचें जुनें रूप लोकाग्रहास्तव २०१३ मध्यें पुन्हां खुलें करण्यांत आलें, आणि आमचा भाचा खेळतो तें हेंच. जगाच्या कानाकोपऱ्यांतील हजारों माणसें एकाच वेळीं एका काल्पनिक राज्यांत वावरतात. प्रत्येकाचा एक बाहुला. कोणी मासे धरतो, कोणी खाण खणतो, कोणी राक्षसाशीं झुंजतो.

आरंभ तर मोठा मोहक. लंब्रिज येथील गढींतल्या आचाऱ्याला सरदाराच्या वाढदिवसासाठीं केक करावयाचा असतो, आणि जवळ दूध, अंडें, पीठ यांपैकीं कांहींच नसतें! आम्हीं गाईची धार काढली, शेतांतला गहू खुडून पवनचक्कीच्या वरच्या मजल्यावर नेऊन ओतला, कळ ओढली, आणि धांवत खालीं येऊन भांडें भरून पीठ घेतलें. तें आचाऱ्याच्या स्वाधीन करतांना आम्हांस जो आनंद झाला तो या वयांत सांगावयास लाज वाटते. या खेळांतील अशा कथा विनोदी आणि चतुर आहेत, याबद्दल वाद नाहीं.

पण कथेंत पुढें जावयाचें तर अंगीं अमुक विद्येची अमुक पायरी असावी लागते, आणि येथूनच आमचें दुर्दैव सुरू होतें. प्रत्येक विद्येच्या पायऱ्या ९९. पहिलीवरून दुसरीवर जावयास ८३ गुण पुरतात. शेवटचीवर पोहोंचावयास १,३०,३४,४३१ लागतात! गणिताची गंमत अशी कीं, निम्मे गुण कोठें होतात, तर पन्नासाव्या पायरीवर नव्हे, ९२ व्या पायरीवर. ड्रेनॉर नांवाच्या खेड्याजवळ पाण्याच्या कांठीं विलोचीं झाडें आहेत, म्हणजे आपल्या वाळुंजाचे परदेशी भाऊबंद. त्यांचें एक लांकूड तोडलें कीं साडेसदुसष्ट गुण मिळतात. सगळीं लांकडें याच झाडाचीं धरलीं, तरी एक लाख त्र्याण्णव हजारांवर तोडावीं लागतील. बरें, तीं तोडावयास कौशल्य लागतें म्हणावें, तर बोटानें झाड दाखवावयाचें आणि वाट पाहावयाची. झाड संपतें, थोड्या वेळानें पुन्हां उगवतें.

पिशवींत २८ नग मावतात. पिशवी भरली म्हणजे जाणते खेळाडू काय करतात? लांकडें जमिनीवर टाकून देतात. तीं जवळच्या पेढींत नेऊन ठेवावयाचीं, तर तेवढा वेळ गुणांवांचून फुकट जातो!

आमच्या आईस दोन वर्षांपासून वाचावयास दिसत नाहीं. जेवणानंतर तिला कादंबरीचें एक प्रकरण वाचून दाखवावें असा परिपाठ होता. "एवढी एक पायरी होऊं दे," असें आम्ही पहिल्या आठवड्यांत म्हणत असूं. पुढें म्हणण्याचीहि गरज राहिली नाहीं. श्रावणांत एके रात्रीं ती काठी टेकीत स्वतःच खोलींत आली.

"काय करतोस रे एवढं?"

"लांकडं तोडतोंय."

"आणि ठेवतोस कुठं?"

"ठेवीत नाहीं. टाकून देतों. न्यायला वेळ लागतो."

"मग तोडतोस कशाला?"

या प्रश्नापुढें भाचाहि निरुत्तर झाला. आई खाटेवर टेकली आणि माहेरच्या जात्याविषयीं बोलूं लागली. पहांटे ती आणि तिची काकू समोरासमोर बसत. एकाच खुंट्यावर दोघींचे हात. कोणत्या लेकीला सासरीं काय जाच आहे, तें घरांतील पुरुषांच्या आधीं जात्याला कळे. आम्हांस वाटलें, आतां जुन्या काळाचें स्तोत्र ऐकावें लागणार. पण ती म्हणाली, "गिरणी आली त्या दिवशीं मीं देवापुढं साखर ठेवली. हाताला फोड यायचे रे!" ज्या कष्टांतून सुटल्याबद्दल आईनें देवाला साखर ठेवली, तेच कष्ट करावयास तिचा मुलगा दरमहा वर्गणी भरून बसला होता, आणि तिच्या जात्याखालीं निदान पीठ तरी पडत असे. बोलण्याचें म्हणाल तर, आमच्या शेजारीं त्याच झाडाशीं वीसपंचवीस जण कुऱ्हाड चालवीत उभे असत, आणि तासन् तास कोणी कोणाशीं चकार शब्द काढीत नसे.

भाच्यानें एक मुद्दा मात्र बिनतोड मांडला. "गवयाचा रियाजहि कंटाळवाणाच असतो कीं!" यावर आम्हांस दोन दिवस विचार करावा लागला. रियाजानें गळा फिरतो. येथें आंकडा फिरतो. बोट पहिल्या पायरीवर जेवढें अडाणी होतें तेवढेंच राहतें. म्हणून तर कित्येक जण आपल्याऐवजीं लांकडें तोडणारे यांत्रिक गडी संगणकांत नेमतात, आणि खेळाच्या चालकांस त्यांना हुडकून हांकलून द्यावें लागतें. एरिक फ्रेड्रिक्सन या गृहस्थानें तर २००२ सालींच 'प्रोग्रेस क्वेस्ट' नांवाचा एक विडंबनात्मक खेळ रचला. त्यांत नायकाला नांव दिलें कीं खेळणाऱ्याचें काम संपलें. पुढचें सारें आपोआप होतें. हा विनोद कळूनहि आम्ही रुनस्केप खेळत राहिलों, याचें कारण अजून सांगतां येत नाहीं. ९९ वी पायरी गांठणारास एक मानाची शाल मिळते, असें ऐकून होतों. मिळते म्हणजे, ९९,००० मोहरा मोजून विकत घ्यावी लागते!

दिवाळीच्या तोंडावर आमच्या बाहुल्याची ७० वी पायरी झाली. दारूकाम उडालें, वाद्य वाजलें. गुण पाहिले तों ७,३७,६२७. म्हणजे एकंदर वाटेचा जेमतेम अठरावा हिस्सा. आम्हीं यंत्र बंद केलें आणि कपाटावरून कादंबरी काढली. खुणेचा कागद केव्हांच गळून पडला होता. आईच्या उशाशीं बसून आम्ही उगीच पानें चाळूं लागलों.

"कुठवर आलों होतों, आई?"

"तो अजून धर्मशाळेच्या ओट्यावर बसलाय," ती म्हणाली. "पाऊस लागला होता. चार महिने झाले, चिंब भिजला असेल बिचारा."