‘हम’ म्हणजे कोण?

उर्दूत ज्यांना ‘सलीबी जंगें’ म्हणतात, त्यांना मराठी पुस्तकांत ‘धर्मयुद्धे’ म्हणतात. आम्ही बी.एड. मराठीतून केलं आणि शिकवतो उर्दू शाळेत, त्यामुळे दोन्ही शब्द तोंडात असतात आणि दोन्ही खटकतात. धर्मयुद्ध म्हटलं की मराठी माणसापुढे कुरुक्षेत्र उभं राहतं. सलीबी जंग म्हटलं की आमच्या मोहल्ल्यातल्या पोरापुढे घोड्यावरचा सलाहुद्दीन अय्यूबी. गंमत अशी, की ज्या अरबांनी या लढाया सोसल्या त्यांच्या त्या काळच्या तवारिखांत हे नावच नाही. ते चाल करून आलेल्यांना नुसतं ‘फिरंज’ म्हणत, म्हणजे फ्रँक. ‘सलीबी जंग’ हे नाव अरबीत आलं ते एकोणिसाव्या शतकात. तो फिरंज मात्र फारसीतून मराठीत उतरला आणि गोव्याच्या पोर्तुगिजांना ‘फिरंगी’ होऊन चिकटला.

उर्दू वाचणाऱ्या घरांत हा इतिहास कादंबऱ्यांतूनच आला. वॉल्टर स्कॉटची ‘द टॅलिस्मन’ १८२५ची. तिला उत्तर म्हणून अब्दुल हलीम शरर यांनी १८८८ साली ‘मलिकुल अझीज वर्जिना’ लिहिली. नंतर अल्तमश यांची ‘दास्तान ईमान-फरोशों की’ घराघरांत फिरली. आमच्या घरातल्या प्रतीची शेवटची पानं गळालेली होती, तरी शेवट सगळ्यांना पाठ होता. २००१च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या अध्यक्षांनी आपल्या मोहिमेला ‘क्रुसेड’ म्हटलं, तेव्हा आम्ही शाळेत होतो. मोठी माणसं चहाच्या टपरीवर तो शब्द पुन्हा पुन्हा उच्चारत होती, एवढं आठवतं.

एका ऑफ तासाला वर्गात हा विषय निघाला. एका मुलाने विचारलं, “सर, आखिर में हम ही जीते ना?”

उर्दूत ‘हम’ एकच. मराठीत दोन आहेत, आम्ही आणि आपण. ‘आम्ही’ म्हटलं की समोरचा वगळला जातो, ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. त्या पोराच्या ‘हम’मध्ये नेमकं कोण होतं?

आम्ही फळ्यावर तारखा मांडल्या. १०९५, पोप दुसरा अर्बन क्लेरमाँ इथे भाषण करतो. १०९९, जेरुसलेम पडतं, मुसलमान आणि यहुदी दोघांची कत्तल होते. त्याआधी १०९६ मध्ये याच मोहिमेवर निघालेल्या टोळ्यांनी जर्मनीत ऱ्हाइनकाठच्या यहुदी वस्त्या कापून काढल्या होत्या. १२०४ साली तर त्यांनी कॉन्स्टँटिनोपल लुटलं, ते ख्रिस्ती शहर! पोरं हसली. मग आम्ही दुसरी बाजू लिहिली. ११४० मध्ये दमिश्कच्या मुसलमान सत्तेने मोसुलच्या झंगीविरुद्ध याच फिरंजांशी हातमिळवणी केली. सलाहुद्दीन कुर्द होता. ११७१ मध्ये त्याने काहिराची फातिमी खिलाफत संपवली, आणि पुढे बरीच वर्षं अलेप्पो-मोसुलच्या मुसलमान अमिरांशीच लढत राहिला. आता कोणी हसलं नाही.

११८७ साली, २७ रजबला, म्हणजे शब-ए-मेराजच्या तारखेला, जेरुसलेम त्याच्या हाती आलं. कत्तल झाली नाही. पुरुषाला १० दिनार, बाईला ५ दिनार खंडणी ठरली आणि ४० दिवसांची मुदत. सलाहुद्दीनचा भाऊ अल-आदिल याने १००० कैदी मागून घेतले आणि सोडून दिले. हे सगळं कादंबऱ्यांत आहे. ज्यांच्याकडे दिनार नव्हते असे हजारो लोक गुलाम झाले, हे सहसा नसतं. त्याआधी हित्तीनच्या लढाईनंतर टेम्पलर आणि हॉस्पिटलर पंथांचे सुमारे २०० कैदी सरदार मारले गेले, हेही नसतं. ११९१ मध्ये रिचर्डने अक्का इथे सुमारे २७०० मुसलमान कैदी कापले, ते मात्र कोणी विसरत नाही. आमच्या मते तिन्ही गोष्टी एकाच फळ्यावर मावतात. सलाहुद्दीन ११९३ मध्ये वारला तेव्हा त्याच्या खजिन्यात ४७ दिरहम आणि एक सोन्याचं नाणं निघालं. तीही गोष्ट खरी आहे आणि आम्ही ती पुसत नाही.

स्टाफरूममध्ये बातमी आमच्या आधी पोहोचली होती. आमचे एक ज्येष्ठ सहकारी, त्यांना आम्ही ‘बडे सर’ म्हणतो, शांतपणे म्हणाले, “मियां, या पोरांजवळ अभिमानाने सांगण्यासारखं आहे तरी काय? बाहेर गेली की नाव सांगायला कचरतात. एक सलाहुद्दीन आहे, तोही काढून घेणार?”

यावर पटकन उत्तर देता येत नाही. बडे सर मुलांना ओळखतात. निम्म्या पोरांचे बापही त्यांच्याच हाताखाली शिकले. आम्ही एवढंच म्हटलं, “काढून घेत नाही सर, सोबतीला आणखी माणसं देतो.”

ती माणसं खरोखर आहेत. उसामा इब्न मुनकिझ, ज्या वर्षी पोपने भाषण केलं त्याच १०९५चा जन्म. जन्मभर फिरंजांशी लढला आणि त्यांच्यात दोस्तही केले. त्याच्या ‘किताबुल एतिबार’मध्ये एक किस्सा आहे. अक्सा मशिदीत टेम्पलरांचं ठाणं होतं, तरी ते दोस्त त्याला शेजारच्या छोट्या मशिदीत नमाज पढू देत. एकदा नुकत्याच मुलखात आलेल्या एका फिरंजाने त्याला धरून पूर्वेकडे वळवलं, असं पढायचं म्हणून. टेम्पलरांनी त्याला बाहेर काढलं आणि उसामाची माफी मागितली. “नवा आहे, त्याला माहीत नाही,” असं त्यांचं म्हणणं.

किंवा स्पेनचा इब्न जुबैर. ११८४ मध्ये तो दमिश्कहून अक्क्याला काफिल्याबरोबर गेला. तेव्हा सलाहुद्दीन करकच्या किल्ल्याला वेढा घालून बसला होता आणि व्यापारी मात्र दोन्हीकडे बिनधास्त ये-जा करत होते. वाटेत त्याने फिरंजांच्या अमलाखालचे मुसलमान शेतकरी बरे नांदताना पाहिले आणि त्याचा जीव जळला. आपले जमीनदार आपल्याच माणसांना याहून वाईट वागवतात, असं त्याने लिहून ठेवलं. हे लिहायला धाडस लागतं. तो काही फिरंजांचा चाहता नव्हता, त्यांना शिव्याच देतो.

पुढच्या तासाला १२२९ घ्यायचं आहे. सलाहुद्दीनचा पुतण्या अल-कामिल याने सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकशी दहा वर्षांचा तह केला, लढाईशिवाय जेरुसलेम देऊन टाकलं, हरम शरीफ तेवढा मुसलमानांकडे ठेवला. इकडे दमिश्कमध्ये मातम झाला, तिकडे फ्रेडरिकला पोपने आधीच बहिष्कृत केलेलं होतं. अल-कामिलला काय म्हणायचं, यावर पोरं भांडणार हे नक्की. बडे सर म्हणाले आहेत, की त्या तासाला ते मागच्या बाकावर येऊन बसतील.