हिरव्या ठिपक्यावर विसंबले

ऐरोलीत मी ज्या बालवर्गाला शिकवते, तिथे एका मुलीला दुधाची ॲलर्जी आहे. कुणाचा वाढदिवस असला की वर्गात केक वाटला जातो आणि ती आपल्या डब्यातली चिक्की खाते. तिलाही सगळ्यांबरोबर खाता यावं म्हणून वर्गातच नानकटाई भाजायची असं मी ठरवलं. नानकटाईत अंडं नसतंच. तुपाऐवजी खाण्याचं खोबरेल घातलं, की झालं. निदान मला तसं वाटलं होतं.

घरून आणलेला ओटीजी २००० वॅटचा आणि वर्गातला सॉकेट ६ अँपिअरचा. २३० व्होल्टला त्यातून १३८० वॅटच्या वर भार घेता येत नाही. बटण दाबल्यावर थोड्याच वेळात एमसीबी पडला, पंखे थांबले. शेवटी ऑफिसातल्या १६ अँपिअरच्या पॉइंटवर भाजणी करावी लागली. खोबरेल साधारण २४ अंशांना वितळतं, हेही मी विचारात घेतलं नव्हतं. खाडीकाठच्या त्या उकाड्यात पीठ सैल झालं आणि मुलांनी वळलेले गोळे ताटातच पसरले. गोळे भाजण्याआधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवायला हवे होते.

ह्या चुका निस्तरता आल्या. खरी चूक पिठात घातलेल्या चॉकलेट चिप्सची. पाकिटावर हिरवा ठिपका होता, वर ‘डार्क’ लिहिलेलं होतं; मी मागची बाजू पाहिलीच नाही. त्या मुलीची आई मदतीला आली होती. तिने पाकीट उलटून वाचलं आणि हळूच म्हणाली, “टीचर, ह्यात मिल्क सॉलिड्स आहेत.” हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, आणि आपल्याकडे दूध शाकाहारीच धरतात. चिप्स तोवर पिठात मिसळून झाल्या होत्या. आईने मुलीला घाईघाईने नळाखाली नेलं, कोपरापर्यंत हात धुतले. परत आल्यावर मुलीने मला विचारलं, “टीचर, मी खायची नाही, पण वळू तरी का?” हात लावायलाही मला नाही म्हणावं लागलं. जिच्यासाठी सगळा घाट घातला, तीच बाकावर बसून राहिली. त्या दिवशी तिला काही झालं नाही ते तिच्या आईमुळे. मी घेतलेल्या काळजीमुळे नव्हे.

आता भाजणीच्या आदल्या आठवड्यात साहित्याची यादी प्रत्येक घरी जाते आणि सगळ्या पालकांचं उत्तर आल्याशिवाय मी पीठ भिजवत नाही. तुपाऐवजी काजू-शेंगदाण्याचं कूट घालायचा मोहही मी टाळते, कारण अनेक मुलांना त्यांचीच ॲलर्जी असते. नाचणी, कणीक, खोबरेल, गूळ, वेलची आणि वरून मनुका एवढ्यात नानकटाई छान होते, आणि ती मुलगी आता ती वळतेही, खातेही.

दूध, अंडी, शेंगदाणे, सोया, गहू यांची ॲलर्जीसूचना पाकिटावर छापणं एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबल नियमांनी बंधनकारक आहे. बालवाडीतल्या तायांनो, मुलांना हात घालू देण्याआधी प्रत्येक पाकिटामागची ती ओळ वाचा, आणि पाकीट आईवडिलांनाही दाखवा.