समुद्रातलं देऊळ आणि मोहरमचा ताशा

चि. मंदार यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. त्रिनिदादमधले भारतीय ‘धड भारतीय वाटत नाहीत’ ही तुझी तक्रार वाचून हसू आलं. अरे, ते तिकडे भारत सांभाळायला गेले नव्हते! १८३८ साली गुलाम पुरते मोकळे झाले. ऊसमळ्यांच्या मालकांना त्यांना बरी मजुरी द्यायची नव्हती, म्हणून कलकत्त्याहून करारावर स्वस्त माणसं मागवली. ३० मे १८४५ ला ‘फातेल रझाक’ जहाज तिथं लागलं. १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४३ हजार माणसं उतरली. बहुतेक भोजपुरी मुलखातली, काही मद्रासकडची. मराठी आडनावं शोधत बसू नकोस. आपले गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, गेले मॉरिशसला. आपला संबंध असलाच तर गोखल्यांमुळे. करारी मजुरीची ही पद्धतच बंद करा, असा ठराव त्यांनी १९१२ साली कौन्सिलात मांडला. सरकारनं तो फेटाळला.

होसेबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, म्हणजे पाहिला नसणार. हा तिथला मोहरम. पण मळ्यांवरच्या ताबुतांबरोबर हिंदूही निघत, ताशे बडवायला आफ्रिकी वंशाची मंडळीही असत. एरवी पासाशिवाय मळ्याबाहेर पाऊल टाकलं तर तुरुंग. त्या दिवशी मात्र हजारो मजूर एकाच रस्त्यावर. इंग्रजांना धास्ती वाटली ती त्या गर्दीची. १८८४ मध्ये सान फर्नांदोच्या वेशीवर त्यांनी मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या, कितीतरी मजूर मेले. ताशा मात्र बंद पडला नाही. आज तो हिंदूंच्या लग्नात वाजतो, कार्निव्हलमध्येही.

आणि गारफील्ड ब्लॅकमन ऊर्फ रास शॉर्टी आय ऐकलास का? आफ्रिकी वंशाचा, भारतीय वस्तीच्या शेजारात वाढलेला. १९७० च्या दशकात त्यानं कॅलिप्सो या तिथल्या संगीतात ढोलक आणि धनताल आणले, तर कॅलिप्सो बाटवला म्हणून लोक ओरडले. पठ्ठ्यानं ती वाद्यं मागे घेतली आणि त्यांचा ताल गिटारवर नि ड्रमवर चढवला. तोच सोका, ज्यावर तुझ्या ऑफिसातले सगळे नाचतात. वारसा ‘जपणाऱ्या’ मंडळांपेक्षा मला या माणसाचं काम मोठं वाटतं.

चिनी लोक तर भारतीयांच्याही आधी, १८०६ मध्ये आले होते, पण त्यातले बहुतेक परतले. १८५३ नंतर करारावर आलेल्यांनी मुदत संपताच मळा सोडला आणि दुकानं थाटली. जमैकातही चिनी म्हणजे दुकानदार हेच समीकरण. बॉब मार्लेचं पहिलं गाणं १९६२ साली रेकॉर्ड केलं ते किंग्स्टनमध्ये आइस्क्रीम आणि रेकॉर्डी विकणाऱ्या लेस्ली काँगनं!

सगळं गोडीगुलाबीचं होतं असं समजू नकोस. हिंदू लग्नांना कायद्याची मान्यता मिळायला १९४० चं दशक उजाडलं. तोवर त्यांची पोरं कागदोपत्री अनौरस. आणि मतं आजही बरीचशी वंश बघून पडतात, हे तुला निवडणुकीत दिसेलच.

रविवारी तिथल्या वॉटरलू गावाला जा. सिवदास साधू या ऊसमजुरानं १९४७ मध्ये साखर कंपनीच्या जागेत देऊळ बांधलं. त्याला तुरुंगात टाकलं, देऊळ पाडलं. मग त्यानं सायकलवरून दगडमाती वाहून समुद्रातच भर घातली आणि देऊळ पुन्हा उभारलं. पंचवीसेक वर्षं खपला. हे देऊळ कुणी भारतातून नेलेलं नाही, बाबा.

जाऊन आलास की सविस्तर लिही. आणि तिथले डबल्स खाताना त्यावर तिखट बेतानं घे. तुझं पित्त मला ठाऊक आहे.

तुझी,
सुधाआत्या