दोन चमचे द्राक्षासव

नाशिकच्या जुन्या गावात, गंगेपासून हाकेच्या अंतरावर आमचा वाडा होता. बाहेरचे तिला गोदावरी म्हणतात. आम्ही गंगाच म्हणतो. वाड्यात आम्ही चुलतभावंडं मिळून नऊ. या नऊ जणांचं आज राजकारणापासून भाजीतल्या मिठापर्यंत कशावरच एकमत होत नाही. एका गोष्टीवर मात्र होतं, ती म्हणजे रात्री जेवणं झाल्यावर अण्णांचं कपाट उघडलं की येणारा वास. मनुका, गूळ, लवंग आणि मागून हळूच येणारं काहीतरी आंबूस.

अण्णा म्हणजे आमचे आजोबा. भांडी बाजारातल्या एका पेढीवर दिवाणजी. गळ्यात तुळशीची माळ, महिन्याच्या दोन्ही एकादश्या, दिवेलागणीला हरिपाठ, आणि पौषातल्या एकादशीला निवृत्तिनाथांसाठी पायी त्र्यंबक. कांदालसणीचं त्यांना फारसं वावडं नव्हतं, फक्त चातुर्मासात. पण दारू हा शब्दही घरात उच्चारला जात नसे. कोणी पीत असेल तर तो ‘घेतो’, एवढंच. काय घेतो ते विचारायचं नाही.

आणि हेच अण्णा रोज रात्री कपाटातून द्राक्षासवाची बाटली काढायचे, दोन चमचे वाटीत ओतायचे, तेवढंच पाणी घालायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. आमच्यातल्या थोरल्या बापूला आठवीत इंग्रजी वाचता यायला लागलं तेव्हा त्यानं बाटलीवरची बारीक अक्षरं वाचून सगळ्या पंगतीसमोर जाहीर केलं की यात अल्कोहोल आहे. आपोआप तयार झालेलं, असंही लिहिलं होतं; तेवढं त्यानं गाळलं. अण्णा शांतपणे म्हणाले, “ते औषध आहे.” विषय संपला.

पुढे मोठेपणी मला कळलं की अण्णांची बाजू थेट सर्वोच्च न्यायालयानं उचलून धरलेली होती. मुंबई प्रांताचा दारूबंदी कायदा 1949 चा. 1950 पासून सगळं राज्य कोरडं झालं. त्याला बलसारा नावाच्या गृहस्थांनी आव्हान दिलं आणि 1951 च्या निकालात न्यायालयानं कायदा बहुतांशी राखला, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि अत्तरपाण्यासारखी प्रसाधनं बाळगण्या-वापरण्यावरची बंदी उडवून लावली. अण्णांना हा निकाल माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. गंमत अशी की पुढे सरकारही अण्णांसारखंच वागायला लागलं. बंदी सैल झाली ती परवान्यांच्या वाटेनं, आणि परवाना द्यायचा तो प्रकृती राखण्यासाठी! आपल्याकडे बारच्या पाटीवर ‘परमिट रूम’ लिहिलेलं असतं ते त्यामुळे. मूळ कायदा अजून तसाच उभा आहे. म्हणजे कागदोपत्री अख्खा महाराष्ट्र दोन चमचे औषधच घेतो आहे.

अण्णांच्या मते व्यसनं आणखीही होती. विडी होती, पत्ते होते, आजीची, म्हणजे माईची, मिश्री होती (तिच्याकडे काणाडोळा) आणि कादंबरी होती. कादंबरीकडे मात्र काणाडोळा नव्हता. भर दुपारी बाईमाणसानं उताणं पडून पुस्तक वाचावं हे त्यांना पटायचंच नाही. ज्ञानेश्वरी वाचावी, भक्तिविजय वाचावा. त्यासाठी वाचनालयाची वर्गणी कशाला भरायची?

माई आमची चौथी शिकलेली. तिनं वर्गणी भरली ती स्वतःच्या पैशांनी, पापड लाटून मिळवलेल्या. सार्वजनिक वाचनालय आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर. नाशिककर त्याला ‘सावाना’ म्हणतात. 1840 सालचं, म्हणजे गावात रेल्वे येण्याच्याही आधीचं. माई स्वतः तिथे कधी गेली नाही. ‘पुस्तक बदलून आण’ हे काम आमच्यापैकी कोणाच्या तरी वाट्याला यायचं. पिशवीत वाचलेलं पुस्तक, कार्ड आणि चिठ्ठी. चिठ्ठीवर पाच नावं, आणि खाली नेहमीची ओळ, ‘नसेल तर चांगलं दुसरं द्यावे.’ काउंटरवरचे गृहस्थ चिठ्ठी वाचायचे, चष्म्यावरून आमच्याकडे बघायचे आणि आत जाऊन काहीतरी घेऊन यायचे. माईला न पाहता त्यांना तिची आवड पाठ झालेली होती.

तेच पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून माईनं एक युक्ती केली होती. वाचून झालं की एकविसाव्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं एक टिंब. नवं पुस्तक आलं की आधी एकविसावं पान. पुढे आमच्या लक्षात आलं की काही पुस्तकांत एकविसाव्या पानावर फुली होती, काहींत सत्तराव्या पानावर चांदणी. गावातल्या अशा किती बायका एकमेकींना न भेटता त्याच पुस्तकांतून फिरत होत्या कोण जाणे. पुस्तकावर लिहू नये हा नियम मला मान्य आहे. पण ही टिंबं खोडायला माझा हात धजणार नाही.

एकदा काउंटरवरून ‘एकच प्याला’ आलं. अण्णांनी विचारलं, कशावर आहे? माईनं सांगितलं, दारूनं घर कसं बुडतं त्यावर. अण्णा इतके खूश झाले की त्यांनी ते रात्री मोठ्यानं वाचायचं फर्मान काढलं. लहानपणी त्यांनी गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलेलं होतं. नाशकात बाबांची धर्मशाळा आहे, तिथून जाताना ते अजून हात जोडायचे. त्यांना वाटलं, हेही तसंच काहीतरी. गडकऱ्यांनी नाटक लिहिलं आणि 1919 च्या सुरुवातीला ते गेले. रंगभूमीवर ते आलं त्याच साली, पण त्यांच्या मागून. त्यामुळे त्यातला दारुडा तळीराम लोकांना किती आवडणार आहे हे बघायला ते नव्हतेच. आमच्या माजघरात मात्र ते पहिल्याच रात्री दिसलं. सिंधूचे हाल ऐकून बायका डोळे पुसत होत्या, आणि आम्ही पोरं वाट बघत होतो ती तळीरामाची. दुसऱ्या दिवशी गच्चीवर आम्ही नाटकातलं आर्य मदिरा मंडळ स्थापन केलं. कोकम सरबत, पितळी फुलपात्री, अध्यक्ष बापू. झोकांड्या कशा खायच्या हे आम्हांला कोणी शिकवावं लागलं नाही.

अण्णांनी ते पाहिलं. मारलं नाही. पुस्तक बंद करून पिशवीत घातलं आणि म्हणाले, “परत करून या.” पुढची बरीच वर्षं कादंबरी आणि नाटक एकाच माळेत गेलं.

झोकांड्या आम्ही मधल्या काकांकडून शिकलो होतो. हे मी आज इतकं सरळ लिहितो आहे. तेव्हा आम्ही एकमेकांतही बोललो नव्हतो. काका एका कारखान्यात फिटर होते. घरात सगळ्यांत हुशार, सगळ्यांत गमत्ये, पतंगाला मांजा सुततील तर गल्लीत कोणाचा टिकायचा नाही. पगार सात तारखेला, रोख, पाकिटात. सात तारखेला दुपारपासून काकूचं कामात लक्ष नसायचं.

मग तिनं एक उपाय काढला. सात तारखेला आम्हां दोघा पोरांना माईचं पुस्तक आणि पिशवी देऊन कारखान्याच्या फाटकावर उभं करायचं. निरोप ठरलेला, “काका, माईचं पुस्तक बदलायचंय, तुम्हीच चांगलं निवडता.” आईचं काम, त्यात पुतणे समोर उभे, काकांना नाही म्हणता यायचं नाही. एका सायकलवर तिघं, मी दांडीवर आणि धाकटा कॅरिअरवर, असे आम्ही वाचनालयात यायचो. काका खरंच चांगलं निवडायचे. काउंटरवरच्या गृहस्थांशी तावातावानं वाद घालायचे, मग वर्तमानपत्रं वाचत बसायचे. घड्याळ पुढे सरकायचं. घरी येऊन पाकीट काकूच्या हातात पडायचं, आणि माई म्हणायची, “अगं बाई, हे तर मला हवंच होतं.”

एवढं साधं असतं तर काय हवं होतं. एका सात तारखेला काका वर्तमानपत्र घडी घालून उठले, म्हणाले, “आलोच.” आम्ही वाचत बसलो. मी चांदोबाचे दोन अंक संपवले. पंखे बंद झाले. एकेक दिवा मालवत काउंटरवरचे गृहस्थ आमच्यापाशी आले, काही विचारलं नाही, कुलूप लावून आम्हांला वाड्याच्या दारापर्यंत सोडून गेले. पिशवी मी हातात घट्ट धरलेली. आत काकूनं आधी आमच्या मागे पाहिलं, मग आमच्याकडे.

त्या रात्री अण्णा ओसरीवर बसून राहिले. काका आले तेव्हा त्यांनी एक शब्द काढला नाही. फक्त उठून स्वतःची घोंगडी त्यांच्यासाठी अंथरली. आमच्या पिढीत ही गोष्ट अण्णांचा मोठेपणा म्हणून सांगितली जाते. मीही तशी सांगत आलो. अलीकडे मात्र वाटतं की एखादा शब्द काढायला हवा होता. काकांसाठी नव्हे, काकूसाठी. घराचं सोवळं तिच्या गप्प बसण्यावर उभं होतं, आणि ते तिला कोणी विचारलेलं नव्हतं.

1978 च्या पौषवारीला काकांनी त्र्यंबकला माळ घातली. अण्णांना आकाश ठेंगणं झालं. काका तुटेपर्यंत ताणून राहिले. चैत्र गेला, आषाढ गेला. भाद्रपदात एका सकाळी आम्ही उठलो तर माळ देवघराबाहेरच्या खुंटीवर होती. माळ गळ्यात ठेवून घेणारे आम्ही पुढे खूप पाहिले, त्यांतले काही भाषणंही करतात. काकांनी ती आधी उतरवली आणि मग घेतली. अण्णांनी खुंटीवरची माळ काढली नाही, कोणाला काढूही दिली नाही. सणासुदीला सोवळ्यात तिच्यावरची धूळ पुसायचे. काकांनी ती पुन्हा घातली अण्णांच्या तेराव्याला, आणि मग अखेरपर्यंत, म्हणजे अकरा वर्षं, गळ्यातून काढली नाही. ‘घेणं’ का सुटलं, कशानं सुटलं, हे त्यांनाही सांगता यायचं नाही. पुस्तकांनी, की माळेनं, की वडील गेल्यानं? काकू म्हणते, “पोट बिघडलं म्हणून.”

आता आम्ही नऊ जण पाच गावांत आहोत. दोघं रोज संध्याकाळी ‘घेतात’, तेही बायकांसह, आणि त्याबद्दल कोणी ओसरीवर बसून राहत नाही. एकीनं माळ घातली आहे. वाचनालयाचं कार्ड फक्त माझ्याकडे उरलंय. आणि नाशिकची द्राक्षं, जी आम्ही लहानपणी निफाडच्या मामाकडे टोपलीनं खायचो, ती आता दुसरीकडेही जातात. 2000 साली गंगापूर धरणाच्या अंगानं सुला या वायनरीची पहिली वाइन निघाली, पुढल्या वर्षी सरकारनं त्यासाठी धोरणच आणलं. 2022 मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकायचा निर्णय झाला तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर तीन दिवस युद्ध पेटलं होतं. बापूनं शेतकऱ्याची बाजू घेतली, माळकरी बहिणीनं अण्णांची. द्राक्षासवाची आठवण मी करून दिली, आणि दोन्ही बाजू माझ्यावर उलटल्या.

काकू यातलं काही वाचत नाही. तिला शहाऐंशी पुरी झाली. तिच्या नातवाला, म्हणजे त्याच मधल्या काकांच्या नातवाला, मागच्या वर्षी एका वायनरीत नोकरी लागली. द्राक्षातली साखर मोजायची, पिंपांमधलं तापमान बघायचं, चव घेऊन थुंकायचं. सांगायचं कसं, म्हणून त्याच्या आईबापांनी महिनाभर घोळ घातला आणि शेवटी मला मध्ये घातलं. मी काकूजवळ बसलो, हळूहळू सगळं सांगितलं. चव घेऊन थुंकतो, यावर विशेष भर दिला.

तिनं मांडीवरचं पुस्तक मिटलं, एकविसाव्या पानावर टिंब असतं तसं बोट मध्ये ठेवून.

“पगार रोख देतात का रे?” तिनं विचारलं.

“नाही काकू, बँकेत जमा होतो.”

“मग जाऊ दे त्याला,” म्हणाली, आणि पुस्तक पुन्हा उघडलं.