बुटक्यांचं रान

शाळेत आम्हाला ओक आडनावाच्या बाई होत्या. इंग्रजीच्या धड्यात ओक नावाचं झाड आलं तेव्हा अख्खा वर्ग मान वळवून त्यांच्याकडे बघायला लागला. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "ते झाड मीही कधी पाहिलेलं नाही रे."

पाहणार तरी कुठे? हिमालयात बांज म्हणून ओक आहे, ईशान्येच्या डोंगरांत त्याची भावंडं आहेत, पण आपल्या सह्याद्रीत तो आपणहून उगवत नाही. बोरिवलीच्या डोंगरात तो आहे तो नावापुरता, आणि तेही उसनं. पावसाळ्यात कान्हेरीच्या वाटेवर झाडांच्या खोडांना, कातळांना बाशिंग नावाचं नेचं बिलगलेलं दिसतं. बुंध्याशी त्याची वाळकी, तपकिरी, कातरलेली पानं असतात. ती लिनियसला ओकच्या पानांसारखी वाटली, म्हणून 1753 साली त्याने नावात ‘ओकपर्णी’ अर्थाचा लॅटिन शब्द घातला. आपल्याकडच्यांना त्याच पानांत नवरदेव दिसला. मला नवरदेवच पटतो.

खरा ओक मला दाखवला तो मावसबहिणीने, फोटोत. ती सॅन डिएगोजवळ राहते. रविवारी टेकडीवर फिरायला गेली होती, तिथून तिने लिहिलं, "हा बघ ओक." मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पुस्तकातला ओक म्हणजे डेरेदार, त्याच्या सावलीत गाव बसेल असा. इथे तिच्या खांद्याला जेमतेम लागणारी, करवंदीच्या जाळीसारखी गुंताड होती. पानं नखाएवढी, जाड, कडांना बोचरे दात. फळ पाहिलं आणि खात्री पटली: टोपी घातलेलं इवलंसं बोंड. ओकच तो, फक्त बुटका.

त्याच्या बुटकेपणाचा हिशोब सरळ आहे. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो तेवढाच, मग लांबलचक कोरडा उन्हाळा, आणि उताराच्या मातीत दगडच फार. अशा जागी उंच होणं म्हणजे उधळपट्टी. म्हणून पान लहान आणि कातडी ठेवायचं, पाणी कमी उडतं. मुळं खोल धाडायची. आणि वणव्याने वरचं सगळं खाक केलं तरी जमिनीशी असलेल्या जाड गड्ड्यातून पुन्हा कोंब काढायचे. स्पॅनिशमध्ये अशा ठेंगण्या ओकला ‘चापारो’ म्हणतात, त्याच्या झाडोऱ्याला ‘चापाराल’. मेक्सिकोत बुटक्या माणसालाही लाडाने हाच शब्द लावतात. माझी उंची चार फूट दहा इंच. वर्गात पहिल्या बाकावरून मी कधी हललेच नाही, त्यामुळे हा शब्द मी लगेच वहीत लिहून ठेवला.

आमच्याकडची चापारो कोण, याचा फार शोध घ्यावा लागला नाही. कारवी! येऊरपासून कान्हेरीच्या माथ्यापर्यंत उतार धरून बसलेली, माणसाच्या डोक्याला लागेल न लागेल अशी, काठीला काठी चिकटून उभी. हिशोब जवळजवळ तोच: पाऊस चार महिने, तोही कोसळणारा, आणि मग आठ महिने काळ्या कातळावर ऊन. माती विताएवढी. मात्र कारवीचं उत्तर वेगळं. तिचं पान हातभर नसलं तरी तळव्याहून मोठं, खरखरीत, ठसठशीत शिरांचं. पावसाळ्यात ते खुशाल पसरतं आणि उन्हाळ्यात गळून जातं. उरतात त्या नुसत्या काठ्या, अंगावर पुटकुळ्या असलेल्या. शास्त्रीय नावातला ‘कॅलोसा’ म्हणजे घट्टे पडलेली. कुळ अडुळशाचं.

या काठ्यांचे कूड विणून, त्यावर शेणमाती लिंपून पाड्यांवरच्या भिंती व्हायच्या. गेरूवर तांदळाच्या पिठाने काढलेली वारली चित्रं मुळात अशाच भिंतींवरची. आता ती आमच्या सोसायटीत चहाच्या कपांवर आणि पडद्यांवर आली आहेत. भिंत मात्र कुणी विकत घेतली नाही.

ओक आपला जीव गड्ड्यात लपवतो. कारवी लपवत नाही, मोजते. सात वर्षं पानं, काठ्या, पानं, काठ्या. आठव्या पावसाळ्यात सगळा उतार एकदम जांभळा. 2008, 2016, 2024. केरळातली तिची चुलत बहीण नीलकुरिंजी बारा वर्षं थांबते. 2008 साली मला यातलं काही ठाऊक नव्हतं, रोज सकाळी लोकल पकडत होते. 2016 साली बाबा बरोबर होते. त्यांना फुलांपेक्षा मधमाश्यांत जास्त रस, कारण कारवीचा दाट, काळसर मध त्यांनी लहानपणी चाखला होता. 2024 साली कॅमेरेवाल्यांची इतकी गर्दी, की मला पाठीच जास्त दिसल्या. पाड्यावरची एक म्हातारी वाटेत काकड्या विकत होती. ती म्हणाली, "बाय, फुलली ना, आता ती मेली."

तसंच असतं. एकदा फुलून बी धरलं की अख्खं रान, एकाच वयाचं, एकदम वाळतं. पण बी लगेच पडत नाही. ते सुक्या बोंडांत बंद राहून उन्हाळाभर वाट बघतं. हा भाग कुणी बघायला येत नाही, मला मात्र तोच हवा होता.

2025 साली पाऊस लवकर आला, 26 मेलाच मुंबईत मान्सून जाहीर झाला. त्या आठवड्यात एका सकाळी मी छत्री घेऊन गेले. रस्त्यावर माणूस नव्हतं. करड्या, मेलेल्या काठ्यांचा उतार, आणि त्यावर भुरभुर. आधी वाटलं थेंबच वाजताहेत. मग कळलं, आवाज पानांचा नाही, पानं आहेतच कुठे! टक्. टकटक्. भिजलेली बोंडं तडकत होती, तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तशी, आधी इथे एक, तिथे एक, मग सगळ्या उताराला घाई झाल्यासारखी. छत्री मिटून मी उभी राहिले. मेलेल्या काठ्या माझ्यापेक्षा हातभर उंच होत्या, त्यामुळे सगळं डोक्यावरूनच चाललं होतं.

एक बी बाहीवर येऊन पडलं, चपटं, ओलं. नखाने उचलून मी ते खाली मातीत टाकलं.