खर्जातली मुलगी

मुलीचा गळा म्हटलं की कानाला उंच, पातळ स्वराची सवय. अमेरिकी गायिका मेव्हिस स्टेपल्सचा आवाज मात्र पहिल्यापासून जमिनीलगतचा. १९५६ साली ‘अनक्लाउडी डे’ची तबकडी रेडिओवर वाजू लागली, तेव्हा लोकांना वाटे, हा कुणा बाप्याचा गळा. गात होती शाळकरी पोर.

गळा तिचा; घडवला बापानं. रोबक स्टेपल्स, सगळ्यांचा ‘पॉप्स’, मिसिसिपीत डॉकरीच्या कापसाच्या मळ्यावर वाढला. चार्ली पॅटनची ब्लूज गिटार तिथंच त्याच्या कानावर पडली. पुढे शिकागोत कत्तलखान्यात, पोलादाच्या कारखान्यात राबला. एका भक्तिगीत मंडळात गायचा, पण सोबती तालमीला दांड्या मारत. एके दिवशी वैतागून घरी आला, कपाटातून गिटार काढली, पोरांना जमिनीवर गोल बसवलं आणि एकेकाला स्वर वाटून दिला. तू हा धर, तू हा. चर्चमध्ये पहिल्यांदा गायले तेव्हा लोक ‘पुन्हा’ म्हणू लागले. यांना धड येत होतं एकच गाणं. मग काय, तेच पुन्हा!

माँटगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांचं प्रवचन ऐकून पॉप्सनं मुलांना जवळ बोलावलं. हा माणूस जे सांगतोय, ते आपल्याला गाता येईल, म्हणाला. लिटल रॉकच्या शाळेत जाताना १९५७ साली नऊ कृष्णवर्णीय मुलांना अडवलं गेलं होतं. त्यावर पॉप्सनं रचलेलं गाणं किंगना फार आवडे. नागरी हक्कांसाठीच्या १९६५ च्या सेल्मा मोर्चावर ‘फ्रीडम हायवे’ आलं. चर्चसाठी एक आणि मोर्चासाठी एक, असे दोन आवाज मेव्हिसनं ठेवले नाहीत. मला तिचं मोठेपण इथं दिसतं.

१९७२ साली ‘आय विल टेक यू देअर’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. चर्चमधल्या काही मंडळींनी नाकं मुरडली: हे सैतानाचं गाणं! त्यात मध्येच मेव्हिस वडिलांना हाक मारते आणि गिटार ओ देते. गंमत अशी, की ती गिटार बापाची नाहीच; मसल शोल्सच्या वादक एडी हिंटनची. ठाऊक झाल्यावरही मी दर वेळी फसतो.

२००० च्या डिसेंबरात पॉप्स गेला. मेव्हिसचं गाण्यातलं मनच उडालं. तिच्याहून मोठ्या बहिणीनं, इव्हॉननं, दटावून तिला उभं केलं. पहिला ग्रॅमी हाती आला तेव्हा वय एकाहत्तर.

जाण्याआधी पॉप्सनं तिच्याकडून आपली अखेरची ध्वनिमुद्रणं मागवून ऐकली होती, आणि हे हरवू नकोस, असं बजावलं होतं. तिनं ती सांभाळली. २०१५ साली संगीतकार जेफ ट्विडीनं त्यांवरचा बराच वाद्यमेळ खरवडून काढला, तेव्हा तबकडी निघाली. तिथं मेव्हिसचा खर्ज आहे आणि त्याला ओ देणारी, पाण्यावरून आल्यासारखी थरथरती गिटार. ही मात्र बापाचीच.